एचओ स्केलच्या मरून रेकला नेमका रंग कोणता द्यावा?

प्रश्न थोडक्यात असा: मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७ प्रमाणात, चौदा आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या) डब्यांचा रेक, म्हणजे गाडीच्या डब्यांचा पूर्ण संच, बांधून झाला आहे. गाडी १९८०च्या दशकातली, मुंबई-कोल्हापूर मार्गावरची. रंगासाठी तीन बाटल्या आणल्या आहेत: एका अमेरिकी कंपनीचा टस्कन रेड, एका ब्रिटिश कंपनीचा कोच मरून आणि इथल्याच कलासाहित्याच्या दुकानातला ॲक्रिलिक मरून. तिन्ही शेजारी शेजारी लावून पाहिले तर तीन वेगळ्या देशांतल्या गाड्या वाटतात. यातला बरोबर कोणता?

सरळ उत्तर देतो. जसाच्या तसा यातला एकही लावू नका. ब्रिटिश मरून पायाला घ्या आणि तो रेड ऑक्साइडकडे, म्हणजे गंजासारख्या तांबूस रंगाकडे, थोडा झुकवा. प्रमाण पुढे दिलं आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चौदाही डब्यांना एकच रंग देऊ नका. त्या काळातली मरून गाडी फलाटाला लागली की इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत नजर फिरवावी, एकाच छटेचे दोन सलग डबे क्वचित दिसायचे. आपण मात्र एक बाटली, एक नंबर शोधत बसतो.

असं का होतं ते समजून घेतलं तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५ पासून डबे बनू लागले. कारखान्यातून निघालेला नवा डबा सिंथेटिक एनॅमलने चकचकीत रंगवलेला असायचा. पण डब्याचं आयुष्य पंचवीस वर्षांचं धरलेलं, आणि दर दीड वर्षाच्या आसपास तो पीओएचसाठी, म्हणजे मुदतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी, वर्कशॉपला जाणार. मध्य रेल्वेचा डबा माटुंग्याला, पश्चिम रेल्वेचा लोअर परळला, दक्षिण मध्यचा लालागुड्याला. तिथे कधी जुना रंग पूर्ण खरवडून नव्याने काम व्हायचं, तर कधी नुसतं घासून वरून हात मारला जायचा. पुरवठादार वेगळा, घाण्याघाण्यात फरक, थिनर कमी-जास्त, खालचं अस्तर वेगळं. एकाच मानकाला धरून केलेलं काम असलं तरी छटा हलणारच.

बाहेर पडल्यावर ऊन आणि पाऊस आपलं काम करतात. एनॅमलमधला बांधणारा घटक अतिनील किरणांनी हळूहळू तुटतो आणि रंगद्रव्याची भुकटी पृष्ठभागावर उघडी पडते. हात फिरवला तर बोटाला लागेल अशी. ही भुकटी प्रकाश विखुरते, त्यामुळे डबा फिका आणि पांढुरका दिसतो, चकाकी जाते. मरून रंग विटताना आधी त्यातली खोली जाते. ताजा असताना तो काळसर लाल असतो, वर्षभराने विटेच्या रंगाकडे सरकतो आणि पीओएच जवळ आलं की मळकट, फिकट तपकिरी होतो. म्हणजे एकाच डब्याचे दीड वर्षात तीन रंग. रेकमधल्या चौदा डब्यांची पीओएचची तारीख एकच असण्याचं काही कारण नाही.

हे तपासायचा पुरावा डब्यावरच असतो. डब्याच्या टोकाच्या भिंतीवर स्टेन्सिलने पीओएच कुठे आणि कधी झालं आणि परत कधी यायचं हे लिहिलेलं असतं. जुन्या फोटोत डब्याचं टोक दिसत असेल तर तो भाग मोठा करून वाचा. तारीख वाचता आली तर त्या डब्याच्या रंगाचं वय कळतं, आणि वय कळलं की छटा ठरवता येते. रंगाची बाटली उघडण्याआधी मी हे करतो आणि तुम्हीही करा. कागदावर चौदा डबे क्रमाने लिहा: एसएलआर (गार्ड आणि सामानाचा डबा), जनरल, स्लीपर, फर्स्ट क्लास. प्रत्येकापुढे 'ताजा', 'मधला' किंवा 'विटलेला' असं लिहा. तीन ताजे, सात मधले, चार विटलेले असं साधारण वाटप डोळ्यांना पटतं. ताजे तिघे एकत्र लावू नका. एखादा डबा दुसऱ्या रेल्वेचा, ऐनवेळी जोडलेला दाखवायचा असेल तर त्याची छटा या तिन्ही छटांपेक्षाही थोडी वेगळी ठेवा.

आता मानकांविषयी, कारण हा प्रश्न नेहमी येतो. भारतीय मानक 'आयएस ५' हे तयार रंग आणि एनॅमल यांच्या छटांचं मानक आहे. त्यात प्रत्येक छटेला नाव आणि तीन आकडी क्रमांक असतो. त्याची मुळं 'बीएस ३८१सी' या ब्रिटिश मानकात असल्याने कित्येक क्रमांक दोन्हीकडे सारखेच आहेत: १०५ ऑक्सफर्ड निळा, १६६ फ्रेंच निळा, ५३७ सिग्नल लाल. यामुळे ब्रिटिश मॉडेल रंगांच्या यादीत ३८१सीचा क्रमांक दिसला तर तो आपल्या कामाचा असतो. औद्योगिक रंग विकणाऱ्या चांगल्या दुकानात आयएस क्रमांक सांगितला की डबाही मिळतो. पण लक्षात ठेवा, मानकाची चकती म्हणजे नव्या, कोरड्या, चकचकीत रंगाचा नमुना. गाडी त्या अवस्थेत फार थोडे दिवस असते. मानक ही सुरुवातीची जागा आहे.

तुमच्या बाटल्यांचं सांगायचं तर टस्कन रेड हा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या प्रवासी डब्यांशी जोडला गेलेला रंग. त्यात तपकिरी जास्त. ताज्या आयसीएफ डब्यासाठी तो मळका वाटतो, पण खालच्या भागाच्या मळासाठी, दरवाज्यांच्या कडांसाठी उत्तम, तेव्हा बाटली ठेवून द्या. ब्रिटिश रेल्वेने १९५६ पासून डब्यांना मरून दिला. तो आपल्या मरूनच्या बराच जवळ, फक्त थोडा जांभळट. ती जांभळी झाक रेड ऑक्साइडने मारली की काम होतं. कलासाहित्यातला ॲक्रिलिक मरून चित्रासाठी ठीक. त्याची रंगद्रव्यं मॉडेलसाठी भरड असतात आणि एअरब्रशमधून मारल्यावर पृष्ठभाग खरखरीत येतो. खिडक्यांच्या पट्ट्या आणि दारावरचे कोरीव तपशील बुजतात. हाताने एखादा डाग द्यायला वापरा, संपूर्ण डब्याला नको.

माझं मिश्रण असं. ब्रिटिश मरून दहा थेंब, रेड ऑक्साइड किंवा तांबूस तपकिरी तीन थेंब, फिकट बफ, म्हणजे पिवळसर मातकट रंग, एक थेंब. हा 'मधला' रंग. 'ताज्या'साठी बफ वगळा. 'विटलेल्या'साठी मधल्या मिश्रणात आणखी दोन थेंब बफ आणि एक थेंब फिकट मातकट राखाडी. एक अट पक्की आहे: तिन्ही-चारही रंग एकाच जातीचे असले पाहिजेत. एनॅमल आणि पाण्याचं ॲक्रिलिक एकत्र केलं तर बाटलीत गुठळ्या होतील. ब्रिटिश मॉडेल रंगांमध्ये एनॅमल अजून बरेच चालतात, तेव्हा लेबल नीट वाचा.

मिश्रण पूर्ण रेकसाठी एकदाच करा. एचओमध्ये आयसीएफ डबा सुमारे २४५ मिलिमीटर लांब भरतो, कारण खरा डबा २१.३ मीटरचा आहे. दोन्ही बाजू आणि टोकं मिळून एका डब्याचं क्षेत्रफळ दोनशे चौरस सेंटिमीटरच्या आतबाहेर. चौदा डबे, दोन-दोन हात आणि एअरब्रशमधून हवेत उडून जाणारा रंग धरून साठेक मिलिलिटर, पातळ करण्याआधीचा, हाताशी असू द्या. सगळा मधला रंग आधी बनवा आणि मग त्यातूनच काढून ताजा आणि विटलेला करा. म्हणजे छटा वेगळ्या असल्या तरी त्यांचं नातं टिकतं. तीन वेगळ्या वेळी तीन मिश्रणं केली तर डबे एकाच कुळातले वाटत नाहीत. ताज्यासाठी बफ मागे काढून घेता येणार नाही, म्हणून ताज्याचा वाटा बफ घालण्याआधी बाजूला काढून ठेवा.

मिश्रणात पांढरा का नाही, हे नीट सांगतो, कारण मॉडेलकामात सर्वांत जास्त मरून रेक याच एका गोष्टीने बिघडलेले दिसतात. लहान मॉडेलला खऱ्या गाडीचा रंग जसाच्या तसा दिला तर तो फार गडद वाटतो. एचओचं मॉडेल आपण साठ सेंटिमीटरवरून पाहतो तेव्हा ते ५२ मीटरवरच्या खऱ्या डब्यासारखं दिसायला हवं. एवढ्या अंतरावर चकाकी मरते, छायाप्रकाशातला फरक कमी होतो, मधल्या हवेतली धूळ-धुकट रंगावर बसते. म्हणून स्केलप्रमाणे रंग उजळायचा अशी पद्धत आहे. पुस्तकी नियम सांगतो, पांढरा घाला. पण लालात पांढरा घातला की गुलाबी होतो, आणि गुलाबी छटेचा आयसीएफ डबा कधीही खरा वाटत नाही. लाल कुळातल्या रंगांना बफ, फिकट नारिंगी किंवा क्रीमने उजळवा. गडद निळ्याला फिकट निळसर राखाडीने. शुद्ध काळा तर मॉडेलवर कुठेच नको. अंडरफ्रेमलाही, म्हणजे डब्याखालच्या सांगाड्यालाही, गडद राखाडी द्या. शुद्ध पांढराही नको, अक्षरांनासुद्धा किंचित हस्तिदंती पांढरा शोभतो.

माझ्या मते मात्र अंतरापेक्षा घरातला उजेड हे खरं कारण आहे आणि त्याकडे कमी लक्ष दिलं जातं. भर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो. घरच्या दिवाणखान्यात रात्री दीडशे-तीनशे लक्स. प्रकाश कमी झाला की रंगाची तीव्रताही कमी वाटते; रंगशास्त्रात याला हंट परिणाम म्हणतात. उन्हात तेजस्वी दिसणारा मरून घरात काळपट चॉकलेटी दिसतो तो यामुळे. तेव्हा लेआउटवर, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर, प्रकाश भरपूर असेल तर रंग कमी उजळवा, खोली अंधारी असेल तर जास्त. एकाच मिश्रणाने दोन घरांत दोन वेगळे रेक दिसतात, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

दिव्याचा प्रकारही तितकाच महत्त्वाचा. साध्या एलईडीच्या प्रकाशात गडद लाल भागाची कमतरता असते. खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ८० लिहिलेला असला तरी त्या आकड्याच्या सरासरीत आर९, म्हणजे गडद लालाचा नमुना, धरलेलाच नसतो. आणि मरूनसाठी नेमका तोच महत्त्वाचा. अशा दिव्याखाली मरून मेलेला, मातकट दिसतो आणि माणूस वैतागून त्यात आणखी लाल ओततो. मग दिवसा खिडकीच्या उजेडात तोच रेक भडक दिसतो. लेआउटसाठी सीआरआय ९० किंवा वरचे दिवे घ्या, शक्य तर आर९ चा आकडा पाहून घ्या. रंग जुळवण्याचं काम त्याच दिव्याखाली करा. दोन रंग एका प्रकाशात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्यात वेगळे पडतात, कारण दोघांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात. साडी घेताना बायका दुकानाच्या ट्यूबलाइटवर विश्वास न ठेवता ती दाराशी उजेडात नेऊन पाहतात, त्यामागचं कारण हेच. आपल्याला थोडं उलटं करायचं आहे: रंग पारखायचा तो रेक शेवटी ज्या दिव्याखाली राहणार आहे, त्याच्याखाली.

फोटोंवर किती विसंबायचं? रंगासाठी कमी, रंगांमधल्या फरकासाठी जास्त. १९८०च्या दशकातल्या रंगीत प्रिंट अल्बममध्ये राहून लालसर होतात, कारण त्यांतलं निळसर रंजक आधी फिकं पडतं. अशा फोटोतला मरून अर्थातच जास्त लाल दिसतो. कोडाक्रोम स्लाइड अंधारात ठेवलेल्या असतील तर रंग पुष्कळ टिकवतात, पण तो फिल्मचा स्वतःचा स्वभाव धरून. मोबाइलचा कॅमेरा स्वतःच व्हाइट बॅलन्स ठरवतो आणि रंग खुलवतो. संगणकावर फोटोतल्या एका ठिपक्याचा रंग उचलून त्यावरून बाटली ठरवणं हा मार्ग मी कुणालाच सुचवत नाही.

फोटो वापरायचा तर असा. चौकटीत ज्याचा रंग आपल्याला माहीत आहे अशी एखादी वस्तू शोधा. आपल्याकडे सर्वांत सोयीची म्हणजे स्थानकाच्या नावाची पाटी, पिवळ्यावर काळी अक्षरं. फलाटाच्या कडेचा चुन्याचा पांढरा पट्टा, हमालाचा लाल सदरा, स्टीलचा डबा. पाटीचा पिवळा नारिंगीकडे गेलेला दिसला तर सगळा फोटो तिकडे झुकलाय हे कळतं, आणि मरूनकडे त्या हिशेबाने पाहता येतं. मग डब्यांमधला फरक पाहा: कुठला गडद, कुठला फिका, खिडक्यांखाली कुठे ओघळ, दाराजवळ कुठे रंग झिजलाय. हा फरक जुना फोटोही बऱ्यापैकी खरा सांगतो, कारण सगळे डबे एकाच फिल्मवर एकाच उजेडात आलेले असतात.

वस्तुसंग्रहालयात किंवा स्थानकाबाहेर शोभेला ठेवलेल्या जुन्या डब्याच्या रंगावरही भिस्त ठेवू नका. तो जतनासाठी पुन्हा पुन्हा रंगवलेला असतो आणि रंगवणाऱ्याचा हेतू डबा नीटनेटका दिसावा हा असतो. मापं, खिडक्यांची ठेवण, अक्षरांची जागा यांसाठी मात्र तो उत्तम.

अजून धावत असलेल्या गाड्यांचा रंग घ्यायचा असेल तर रंगाच्या कंपनीचं शेडकार्ड घेऊन फलाटावर जा. सावलीत उभा असलेला डबा निवडा, थेट उन्हातला नको. कार्डाची पट्टी हात लांब करून डब्यासमोर धरा आणि डोळे किंचित मिटून पाहा. कुठली पट्टी विरून जाते ती नोंदवा. सकाळी नऊ-दहाचा, आकाश थोडं ढगाळ असलेला उजेड यासाठी चांगला. संध्याकाळचं ऊन सगळंच मरून करून टाकतं. रुळांवर उतरू नका, यार्डात शिरू नका, जिथे फोटो काढायला मनाई आहे तिथे काढू नका. फलाटावरून पुरेसं दिसतं.

आता बाटलीपासून डब्यापर्यंत. रंग झाकणावर किंवा कागदावर लावून ठरवू नका. डब्यासाठी वापरलेल्याच प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापा, त्यावर तेच अस्तर, तोच रंग, तितकेच हात आणि शेवटचं व्हार्निशही तेच. हे शेवटचं अनेक जण गाळतात. मॅट व्हार्निशने गडद रंग फिकटतो, ग्लॉसने तोच रंग खोल होतो. व्हार्निशशिवाय जुळवलेली छटा व्हार्निशनंतर जुळत नाही. पट्टी पूर्ण वाळू द्या; पाण्याचं ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, म्हणून ओल्या रंगावरून काही ठरत नाही.

अस्तराचा रंग वरच्या रंगातून डोकावतो. लाल आणि पिवळ्या कुळातले रंग कमी झाकणारे असतात. मरूनखाली राखाडी अस्तर दिलं तर थंड, मृत मरून मिळतो; तांबूस, रेड ऑक्साइड प्रायमर दिलं तर ऊब येते. मी मरूनखाली नेहमी तांबूसच देतो. क्रीमखाली पांढरं, रुपेरीखाली चकचकीत काळं.

बरेच जण मोटारींच्या रंगाच्या दुकानातून नमुन्याबरहुकूम ड्युको, म्हणजे मोटारींचा लॅकर रंग, मिसळून आणतात. रंग सुंदर मिळतो, बारीक दळलेला असतो, स्वस्तही पडतो. पण त्याचं थिनर पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेलचं प्लॅस्टिक, विरघळवतं. चांगलं अस्तर आधी देऊन, अगदी कोरडे, धुक्यासारखे हात मारले तरच जमतं. एकाच ओल्या हाताने डब्याची बाजू वितळलेली पाहायची नसेल तर आधी टाकाऊ तुकड्यावर करा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे काम नकोच: दमट हवेत लॅकरवर पांढुरकी साय धरते आणि मरूनवर ती लगेच दिसते. एअरब्रशचा दाब १५ ते २० पीएसआय, रंग दुधाइतका पातळ, दोन हातांमध्ये पुरेसा वेळ.

ठरलेल्या मिश्रणाची रंगवलेली पट्टी जपून ठेवा, मागे प्रमाण आणि कंपनीचं नाव लिहून. कंपन्या बंद पडतात. अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या रेल्वे रंगांसाठी ज्याचं नाव घेतलं जायचं ते फ्लोक्विल २०१३ मध्ये बाजारातून गेलं, आणि त्या बाटल्यांच्या क्रमांकांवर लिहिलेली असंख्य मिश्रणं एका फटक्यात निरुपयोगी झाली. ज्यांच्याकडे रंगवलेल्या पट्ट्या होत्या त्यांना नव्या कंपनीच्या रंगातून जुनी छटा पुन्हा गाठता आली.

रेकला फक्त बाजूचा रंग नसतो. छप्पर आयसीएफमध्ये रुपेरी-राखाडी, पण ते काही महिन्यांतच मळतं. विजेच्या मार्गावर तारा आणि पेंटोग्राफच्या घर्षणातून, ब्रेकच्या धुळीतून तपकिरी काजळी बसते. मुंबई-पुणे घाटातून जाणाऱ्या गाडीच्या छपराला ही झाक हवीच. ट्रॉल्या (चाकांचे सांगाडे) आणि अंडरफ्रेम ब्रेकच्या लोखंडी भुकटीने गंजट तपकिरी होतात. जैव-शौचालयं येण्याआधीच्या त्या काळात शौचालयांच्या खाली, डब्याच्या चारही कोपऱ्यांना, गंजाचे आणि मळाचे डाग ठळक असायचे. १९८०चं दशक दाखवायचं तर हे गाळून चालणार नाही. खिडक्यांखाली पान-तंबाखूच्या पिंकांचे सुकलेले ओघळ, अगदी हलके, दोन-तीन डब्यांवर.

धूळ मार्गाप्रमाणे बदलते, आणि माझ्या दृष्टीने रेकला गावाचा पत्ता इथेच मिळतो. पुणे-मिरज पट्ट्यात काळ्या मातीची राखाडी-तपकिरी धूळ. कोकणात जांभ्याची लाल. वास्को-होस्पेट मार्गावर लोहखनिजाची, गडद लाल, सगळ्यावर बसलेली. तुमच्या कोल्हापूर गाडीला काळ्या मातीची धूळ द्या: चाकांजवळ दाट, खिडकीच्या खालच्या ओळीपर्यंत विरळ होत जाणारी. ही धूळ एअरब्रशने, फार पातळ, सर्व चौदा डब्यांवर एकाच बैठकीत मारा. वेगवेगळ्या छटांचे डबे त्या एका धुळीने एकत्र बांधले जातात.

मरूनशिवाय इतर डब्यांविषयीही थोडक्यात. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हवेच्या ब्रेकच्या रेकना गडद निळा आणि खिडक्यांना फिकट निळा पट्टा आला. इथे दोन निळ्यांमधलं अंतर जपणं महत्त्वाचं. फिकट पट्टा विटून जवळजवळ राखाडी होतो, गडद त्यामानाने टिकतो. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुली झाली तो काळ दाखवायचा असेल तर मरून आणि निळे दोन्ही रेक धावताना दाखवता येतात. २०१८ नंतर 'उत्कृष्ट' या नावाच्या योजनेतले बेज-तपकिरी डबे. त्यातला बेज घरच्या पिवळ्या दिव्याखाली मळका होतो, म्हणून त्यात राखाडी अजिबात घालू नका.

डेक्कन क्वीनचा मामला वेगळा. १ जून १९३० ला ती सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक होते: एक रुपेरी, शेंदरी पट्ट्यांचा, दुसरा रॉयल निळा, सोनेरी रेघांचा. त्या रंगांचं वर्णन शब्दांतच आहे, तेव्हा शब्दांना धरून, पण घरातल्या उजेडाचा विचार करून संयमाने रंगवा. रुपेरी म्हणजे आरशासारखा क्रोम नव्हे, ॲल्युमिनियम रंगाचा मंद रुपेरी. १९६६ मध्ये जुने डबे जाऊन आयसीएफचे आले. पुढच्या क्रीम-निळ्या रूपासाठी १०५ ऑक्सफर्ड निळा हा पाया ठीक आहे, थोड्या राखाडी निळ्याने उजळवलेला. लाल रेघ हाताने ओढू नका, डिकॅलच (पाण्याने चिकटवायची छापील पट्टी) वापरा. क्रीम आधी मारा, मास्किंग टेपची कड क्रीमनेच एकदा बंद करा आणि मग निळा मारा. कड स्वच्छ येते.

मालगाडीच्या वाघिणी रेड ऑक्साइडच्या. जर्मन मालडब्यांसाठी मिळणारा आरएएल (जर्मन रंगमानक) ८०१२, म्हणजे लालसर तपकिरी, ही चांगली सुरुवात. बॉक्सएनच्या, म्हणजे कोळसा वाहणाऱ्या उघड्या वाघिणींच्या, रेकमध्ये छटांचा फरक प्रवासी गाडीपेक्षा जास्त ठेवा आणि आतली बाजू रंगाऐवजी गंज आणि कोळशाने रंगवा.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा: डब्यांच्याच प्लॅस्टिकच्या सहा पट्ट्या, तांबूस प्रायमर, ब्रिटिश मरूनचं वरचं मिश्रण तीन छटांत, प्रत्येकी एकीवर सॅटिन आणि एकीवर मॅट व्हार्निश. लेआउटच्या दिव्याखाली रात्री पाहा आणि दुसऱ्या दिवशी खिडकीशीही पाहा. विटलेली छटा गुलाबी वाटली तर बफ कमी करून अर्धा थेंब तांबूस तपकिरी वाढवा. ताजी काळपट वाटली तर रंगाला हात लावण्याआधी दिवा बदलून पाहा. पहिला डबा रंगवायला घ्याल तो मधल्या छटेचा, जनरलचा घ्या.